काळ्या सिंहासनातलं दार

सिंहासन जिंकायला ती निघालीच नव्हती. तिला तिचं दार परत हवं होतं!

अंधारस्वामीला म्हणे घरोघरच्या दारांचं सिंहासन हवं होतं. शिपायांनी तिचंही दार बिजागऱ्यांसकट उपटून नेलं. परवा लांडगा थेट चुलीपर्यंत आला, आणि घरात सून दिवस भरत आलेली! मग कुणाची वाट बघायची? तिनं सुतार दिराला उठवलं. दोरखंड वळणाऱ्या विहीणबाई, सुनेची आई, न बोलावताच आल्या.

"तुम्ही नुसत्या भांडून रिकाम्या हातानं परताल, म्हणून येतेय."

"या की. फक्त तोंड घरी ठेवून या."

दोन दिवस दलदल तुडवली. गुडघाभर चिखल, नाकात गंधकाचा दर्प, आणि जिकडं पाहावं तिकडं जळक्या झाडांचे खुंट. पाखरू म्हणून दिसेना. तिसऱ्या दिवशी काळा कडा लागला. निम्म्यावर तिच्या पायाखालचा दगड सुटला. ती घसरली! लोंबकळली! कमरेचा दोर करकरला. विहीणबाईंनी दातओठ खाऊन वर ओढलं.

"जड आहात हो!"

"खात्यापित्या घरची आहे!"

भर दुपारी तिघं दरबारात शिरली. वेशीवर पहारा नव्हता. इथवर कुणी चढून येईल असं कुणाला वाटलंच नव्हतं. समोर दारांवर दारं रचलेलं ताडाएवढं सिंहासन, वर काळा झगा. आणि सगळ्यात खाली, कुत्र्यानं कोपरा कुरतडलेलं तिचं दार!

"कोण तू?" वरून आवाज गडगडला.

"जिच्या दारावर बसलायस ती! ऊठ! लोकांची घरं उघडी पाडायची आणि वर स्वामी म्हणवून घ्यायचं? जन्मात एक पाट तरी स्वतःच्या हातानं केलास का रे?"

त्याला 'ऊठ' असं आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. तो गडबडला. तेवढ्यात दीर वाकून खाली बघून आला.

"वहिनी, सगळा भार आपल्याच दारावर आहे. ओढलं तर सगळं आपल्या अंगावर येईल!"

"मग लांबून ओढू. बांध दोर!"

तिघांनी जोर लावला. दार बोटभर सरकलं, अडकलं. भाले रोखून शिपाई धावले!

"मारा की!" ती कडाडली. "तुमच्या आयांची दारं नाहीत का यात? त्या उघड्यावरच निजतात ना?"

पुढचा शिपाई थबकला. त्याची नजर मधल्या एका निळ्या दारावर खिळली. भाला खणकन पडला. त्यानं दोर धरला. मग दुसऱ्यानं. मग दहांनी!

कडाड्! सिंहासन कोसळलं. धुरळा बसला तेव्हा ढिगाऱ्याशेजारी झगा सावरत एक किरकोळ माणूस उभा होता.

"आता मी बसू कुठं?"

"जमिनीवर! सगळे बसतात तिथं."

शिपाई फळ्या उपसून आपापलं दार शोधत होते. तिनं आपल्या दाराचं एक टोक खांद्यावर घेतलं.

"विहीणबाई, धरा मागून. पोरीला वारा लागतोय."