तळसरची शेषसंख्या

जूनच्या पहिल्या तारखेला, सकाळी अकरा वाजता, तळसरच्या खोऱ्यात नेहमीप्रमाणे चाचणीचा इशारा पाठवला गेला. त्या खोऱ्यात तीन वर्षांपासून कोणी राहत नव्हतं. तरीही पुण्यातल्या प्रयोगशाळेच्या पडद्यावर उत्तरं उमटली. नियंत्रण कक्षातल्या रुख्साना मुजावरने आकडा वाचला.

"एक्केचाळीस."

"पुन्हा तेच," दिगंबर ओझरकर म्हणाले. ते बचाव दलाचे प्रमुख होते आणि आपत्सूचना मानक ठरवणाऱ्या कार्यगटात दलातर्फे बसत. "डॉक्टर, मेलेला फोन उत्तर कसा देतो ते मला आज नीट सांगा. पोरं विचारतात, आणि मी वेळ मारून नेतो."

डॉ. शर्वाणी केळुस्करने टेबलावरची एक चिप चिमट्यात धरली. मुगाच्या डाळीएवढी होती ती.

"ही लहरजीवी चिप. हिला बॅटरी लागत नाही. इशाऱ्याची लहर आली की तिच्यातलीच थोडी ऊर्जा घेऊन ही एक शब्द परत पाठवते, 'पोचला'. फोन बंद असो, फुटलेला असो, मातीखाली असो. ढिगाऱ्याखालची माणसं मोजता यावीत म्हणूनच तर आपण ती मागितली होती."

"कोण उत्तर देतंय, ते कळत नाही?"

"नाही. उत्तरासाठी दहा हजार क्षणकप्पे, म्हणजे वेळेचे बारीक तुकडे, ठेवले आहेत. प्रत्येक चिप त्यातला एक निवडते, दर वेळी नवा. भरलेले कप्पे मोजले की आकडा मिळतो. नाव मिळत नाही."

"मग घाला की नाव!"

"बंद फोनही उत्तर देतो, ओझरकर. त्याला नाव दिलं तर कुणालाही कधीही शोधता येईल, फोन बंद करूनही सुटका नाही. असली वस्तू मी लोकांच्या खिशात ठेवणार नाही."

हा वाद दोन वर्षं चालला होता आणि शर्वाणीने तो जिंकला होता. ओझरकरांनी तो पुन्हा उकरला नाही. ते खिडकीशी गेले.

"गेल्या ऑगस्टात तुमच्या आकड्यासाठी सहा जण आत पाठवले. मानकात लिहिलंय ना, धोक्याच्या जागेतून उत्तर येतंय तोवर दलाने जायचं. आत कुत्रंसुद्धा नव्हतं. वरून दगड आला. बाबू शेडगे आता एका बँकेच्या दारात स्टुलावर बसतो. एका पायाने दुसरं काय करणार?"

शर्वाणीने चिप खाली ठेवली. तळसर हे या मानकाच्या चाचणीसाठी निवडलेलं पहिलं खोरं होतं. तिथे तिनेच अठ्ठावन्न फोन वाटले होते. दरड आली तेव्हा सतरा फोन आपापल्या माणसांबरोबर खोऱ्याबाहेर होते. एक्केचाळीस आत राहिले.

ओझरकरांशी हे बोलणं झालं त्याच आठवड्यात तिने मानकाचं कलम सात-चार लिहिलं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, खोरं रिकामं असल्याची खात्री करून, येणारी उत्तरं मोजायची. ती शेषसंख्या. पुढे महिनाभर प्रत्येक इशाऱ्याच्या वेळी ती एकूण आकड्यातून वजा करायची. उरतील ते जिवंत. कार्यगटाने कलम एकमताने मंजूर केलं. जुलैच्या पहिल्या तारखेला रुख्सानाने नोंदवहीत नवा रकाना आखला आणि तळसरपुढे लिहिलं, शेष एक्केचाळीस.

*

एकोणतीस जुलैला, मंगळवारी, भागीरथी उतेकर प्रयोगशाळेत आल्या. साठीच्या, काटक. पहाटेच्या एसटीने निघाल्या होत्या. पिशवीतून त्यांनी प्लास्टिकचा डबा काढला. डब्यात फडक्यात गुंडाळलेला, मातीने भरलेला फोन होता.

"माझ्या निवासचा हाय," त्या म्हणाल्या. "गुरांमागं खोऱ्यात उतरले व्हते. वहाळाच्या पाण्यानं कड खाल्लीय, तिथं वर आलेला दिसला. मागं त्यानंच चिकटवलेला मोर हाय, बघा."

दरडीच्या दिवशी भागीरथीबाई बाजाराला गेल्या होत्या. मुलगा निवास घरी होता. आता त्या दरडग्रस्तांच्या वसाहतीत राहत होत्या.

"मला येवढंच सांगा बाई. त्याला भोंगा ऐकू आला व्हता का?"

शर्वाणीने फोन उजेडात धरला. इशारा कधी आला आणि भोंगा बोटाने बंद केला की नाही, याची नोंद आत राहते. स्मृती शाबूत असली तर वाचता आली असती. "आठवडाभर सुकवावा लागेल, मावशी. मग प्रयत्न करते. खात्री देत नाही."

"सुकवा. तीन वर्सं थांबले, आठ दिस काय." चहा बशीत ओतता ओतता त्यांनी सहज विचारलं, "वसाहतीत सांगतात, तुमी अजून तळसरात भोंगा वाजवता, आन खालून जाब येतो. खरं?"

शर्वाणीला खोटं बोलता येत नसे, आणि अर्धवट सांगणं तिला खोट्यासारखंच वाटे. तिने चिपचं सगळं सांगितलं. बॅटरी नसताना, मातीखालून, एक शब्द.

"मंजी माझा निवास बी जाब द्यायचा."

"त्याचा फोन द्यायचा."

"आन आता?"

"आता फोन इथे आहे. तिथून चाळीसच येतील."

भागीरथीबाईंनी बशी खाली ठेवली. चहा तसाच राहिला.

"मंजी मी त्याला गप केला," त्या म्हणाल्या. "सगळं गाव जाब देतंय आन माझ्या घराचाच नाय."

"मावशी, तसं नसतं ते."

"आकडा तर कमी झाला न्हवं?"

आकडा खरोखरच एकाने कमी झाला होता. निघताना दारातून त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली. "कंदी इचारता त्यास्नी?"

"पहिल्या तारखेला, अकरा वाजता. आणि लाल इशारा असला तर केव्हाही."

त्या गेल्यावर शर्वाणीने फोन शोषक खड्यांच्या पेटीत ठेवला. शेषसंख्या चाळीस करायला हवी, हे तिच्या लक्षात होतं. पण कलमाप्रमाणे ती पहिल्या तारखेच्या मोजणीवरूनच बदलता येत होती, आणि पहिली तारीख तीन दिवसांवर होती. शुक्रवारी आपोआप होईल, असं तिने ठरवलं.

*

गुरुवारी दुपारी दोन वाजता खोऱ्याच्या माथ्यावरच्या भेगमापकाने लाल खूण दाखवली. सकाळपासून पाऊस धरून होता. रुख्सानाने इशारा पाठवला. शर्वाणी खाली नियंत्रण कक्षात आली तेव्हा ती शांतपणे नोंद करत होती.

"तळसर. उत्तरं एक्केचाळीस, शेष एक्केचाळीस, जिवंत शून्य. ओझरकर सरांना कळवलं, तुम्ही आत जाऊ नका म्हणून. ते म्हणाले, देव तुमच्या डॉक्टरणीचं भलं करो."

"किती?"

"शून्य."

"उत्तरं किती, रुख्साना?"

"एक्केचाळीस. दर वेळी येतात तेवढीच."

वरच्या मजल्यावर, काचेच्या पेटीत, मोर चिकटवलेला एक फोन सुकत होता.

"चाळीस यायला हवीत," ती म्हणाली. "एक फोन माझ्याकडे आहे. खालून चाळीसच येऊ शकतात. एक्केचाळिसावं उत्तर मातीखालचं नाही."

"मग कोण?"

"निवासची आई. स्वतःचा फोन घेऊन त्याच्या जागी जाऊन बसली आहे. आकडा भरायला."

रुख्सानाने ओझरकरांना फोन जोडून दिला. दलाच्या तळावरून खोऱ्यात उतरायच्या खिंडीपर्यंत चाळीस मिनिटं लागणार होती, आणि भेगमापकाचा काटा सरकतच होता. तळसरमध्ये फोनवर बोलण्यासाठीचा मनोरा उरला नव्हता. खोऱ्यात पोचणारी एकच गोष्ट होती, माथ्यावरच्या खांबावरून सुटणारा इशारा. आलेला इशारा फोन स्वतःच मोठ्याने वाचून दाखवतो, न वाचता येणाऱ्यांसाठी.

"नवा मजकूर घे," शर्वाणी म्हणाली.

"मंजूर नमुन्यांबाहेरचा मजकूर पाठवता येत नाही. मॅडम, तो नियम तुमचाच आहे."

"माहीत आहे. घे."

रुख्सानाने टंकलं. भागीरथी उतेकर, निवासचा फोन मी परत देते. त्याचा जाब त्यालाच देऊ द्या. तुम्ही खिंडीकडे चालू लागा.

संदेश गेला. एक्केचाळीस 'पोचला' आले. त्यातले चाळीस कुठून, हे दोघींना ठाऊक होतं. पाच मिनिटांनी पुन्हा मोजलं. एक्केचाळीस. पुन्हा. एक्केचाळीस.

"त्या निघाल्यात की नाही, कसं कळणार?" रुख्सानाने विचारलं. "काही बरंवाईट झालं, तर चिप बंद पडेल?"

"नाही. ती बंद पडू नये म्हणूनच बनवली आहे. काहीही झालं तरी आकडा एक्केचाळीसच राहील. खिंड ओलांडली की फोन खांबाच्या टप्प्याबाहेर जातो. आकडा कमी व्हायला पायांनी चालावं लागतं."

दोघी मोजत राहिल्या. तीन वाजून सहा मिनिटांनी रुख्सानाने आकडा वाचला आणि लगेच पुन्हा वाचला.

"चाळीस."

दहा मिनिटांनी ओझरकरांचा फोन आला. म्हातारी खिंडीच्या अलीकडे भेटली, भिजलेली, अनवाणी. गाडीत बसल्याबरोबर तिने पहिला प्रश्न केला तो पोराचा फोन कधी देणार, हा. साडेतीनला माथ्याचा एक तुकडा खाली आला. आकडा चाळीसच राहिला.

*

दुसऱ्या दिवशी शेषसंख्या चाळीस झाली. आठ ऑगस्टला भागीरथीबाई फोन न्यायला आल्या. स्मृती वाचता आली होती. शर्वाणीने कागदावर लिहून ठेवलं होतं, पण वाचून दाखवताना तिला कागद लागला नाही.

"इशारा आला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. चार बाराला भोंगा बोटाने बंद केला. दरड आली चार एकतीसला."

"मंजी ऐकलं त्यानं."

"हो."

"एकुणीस मिनिटं व्हती त्याला." भागीरथीबाईंनी मोरावरून अंगठा फिरवला. "शेजारची म्हातारी अंथरुणाला खिळलेली व्हती. तिला काढायला गेला आसंल. नायतर पुन्हा झोपला आसंल. दोनी करायचा तो." त्या हसल्या, आणि मग हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. "बरं झालं सांगितलंत. मला वाटायचं, कुणी हाकच मारली नाय त्याला."

फोनचं काय करणार, हे शर्वाणीने विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं तिला पुढे अनेकदा वाटलं.

एकोणीस ऑगस्टला पुन्हा लाल इशारा लागला. सकाळचे साडेदहा.

"उत्तरं एक्केचाळीस," रुख्साना म्हणाली. "शेष चाळीस. जिवंत एक."

शर्वाणीने भागीरथीबाईंना फोन लावला. संपर्क होत नव्हता. वसाहतीतल्या शेजारणीने सांगितलं की सकाळपासून घराला कडी आहे. मग तिने ओझरकरांना जोडलं आणि काहीही हातचं न राखता सांगितलं.

"दोन शक्यता आहेत. मावशींनी निवासचा फोन परत नेऊन पुरला असेल. किंवा त्या स्वतः तिथे बसल्या असतील. दोन्हींचा आकडा एकच."

"तुमची चिप काय म्हणते?"

"पोचला म्हणते. दुसरा शब्द तिला येत नाही. तो मीच दिला नाही."

पलीकडे पावसाचा आवाज येत राहिला.

"माझ्याकडे सहा जण आहेत," ओझरकर म्हणाले. "बाबूच्या जागी आलेला पोरगा धरून. नाव असतं चिपला, तर एका मिनिटात सांगितलं असतं तुम्ही, जा किंवा जाऊ नका."

"हो."

"चला, निघतो."

अकरा वाजून वीस मिनिटांनी आकडा सत्तेचाळीस झाला. सहा जण आपापले चिपचे फोन घेऊन खिंडीतून खाली उतरले होते. शर्वाणी पडद्यासमोर बसून राहिली. आता माथा खाली आला असता, तरी पडदा सत्तेचाळीसच दाखवत राहिला असता, महिनोन् महिने. भेगमापकाचा काटा दोनदा हलला. पावणेबाराला सत्तेचाळीस. बाराला सत्तेचाळीस. रुख्साना ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती. सव्वाबाराला पंचेचाळीस आले, मग त्रेचाळीस, मग एक्केचाळीस.

तिथे आकडा थांबला.

"कोणी नाही," ओझरकरांचा आवाज धापा टाकत होता. "उतेकरांच्या घराच्या जागेवर नुकती लिंपलेली माती आहे. वर पाटा ठेवलाय. पाट्यावर भिजलेली उदबत्ती. आम्ही उकरलं नाही."

दोन वाजता भागीरथीबाईंचा फोन लागला. त्या तालुक्याला निराधार योजनेच्या रांगेत उभ्या होत्या. तळसरला त्या रविवारी जाऊन आल्या होत्या. "तुमीच म्हनालात न्हवं बाई, त्याचा जाब त्यालाच देऊ द्या?"

शर्वाणीने ओझरकरांना कळवलं.

"पहिल्या तारखेपासून शेष पुन्हा एक्केचाळीस करतो आम्ही," ती म्हणाली. "कलमाप्रमाणे. तुम्हाला उगाच जावं लागणार नाही."

"आणि आणखी कुणाची आई येऊन आपल्या पोराचा फोन उकरून घेऊन गेली तर?"

शर्वाणीने नोंदवहीतल्या शेषच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"वजा करू नका," ओझरकर म्हणाले. "जो येईल तो आकडा कळवा. जायचं की नाही, ते आम्ही खिंडीत उभं राहून ठरवू."

चार वाजता पाऊस उघडला. काटा हिरव्यावर आला. रुख्सानाने नोंदवहीत शेषचा रकाना रिकामा सोडला आणि धोका टळल्याचा संदेश तळसरच्या खोऱ्यात पाठवला. घरी परत जायला हरकत नाही, असं त्याच्या मंजूर नमुन्यात लिहिलेलं असतं.

पडद्यावर एकेक कप्पा उजळत गेला. एक्केचाळीस जणांनी कळवलं, पोचला.