सरकीची पुरचुंडी

त्या दिवशी सकाळपासूनच आभाळ पांढरंफटक होतं. वैशाखातला वारा साफ पडलेला, लिंबाचं पानही हलत नव्हतं, आणि काळ्या वावरांच्या भेगांतून भाजल्या मातीचा वास येत होता. असल्या उन्हात जानराव अमरावतीला निघाले होते. बायकोच्या, मनकर्णेच्या, दुखण्याच्या गोळ्या संपल्या होत्या.

निघाले खरे, पण तिचा हात सुटत नव्हता.

सहासष्ट साली मनकर्णेच्या मानेला गाठी आल्या, तेव्हा तिला मुंबईला नेलं होतं. तिथे नव्यानं निघालेलं औषध शिरेतून दिलं. गाठी लोण्यासारख्या विरघळल्या, पण बोटं मेली. आधी मुंग्या, मग काहीच नाही. पाय फरफटायचा. चप्पल मागं सुटून राहायची आणि ही अनवाणी तशीच पुढे. डॉक्टर म्हणाले होते, हे औषध नसांना लागतं. बोटांतली जाण येईल परत हळूहळू. परत आल्या त्या गाठीच.

एरवी गावात तिच्यासारखी कापूस वेचणारी नव्हती. त्या हिवाळ्यात हट्टानं वावरात गेली. शेजारच्या ओळीतून जानरावांनी पाहिलं, तर तिच्या ओटीतला कापूस लालभडक. वाळल्या बोंडांच्या टोकांनी दहाही बोटं फाटली होती आणि बाईला पत्ता नाही.

"अवो, हे मायं रगत हाय?" ती म्हणाली. "मले वाटलं, तुमीच पान खाऊन थुकले!"

हसली. पण तेव्हापासून तिला एकच धास्ती बसली.

"तुमी हात धरला का सोडला, थे मले बगूनच समजते. जाईन तवा डोये मिटलेले असतीन. तवा सोडू नका मंजे झालं."

"नाई सोडत वं," जानराव म्हणाले होते.

आता आठ दिवसांपासून तिचे डोळे मिटलेलेच होते. जानरावांनी तव्यावर मूठभर सरकी गरम केली, फडक्यात बांधली, आणि आपला हात अलगद काढून ती पुरचुंडी तिच्या मुठीत सरकवली. वरून पदर ओढला. तिला ऊब कळणार नाही हे ठाऊक होतं, तरी गरम केली. मग शेजारच्या माणिकबाईला खुणेनंच सांगितलं, इथं बस, अन् बोलू नको.

गोळ्या मिळाल्या. परतीची बस वलगाव ओलांडून थोडी गेली, ती तापून उभी राहिली. बरोबर बारा वाजलेले, सावल्या पायाखाली. ड्रायव्हर पाणी आणायला गेला, बाकीची माणसं झाडाखाली उतरली. जानराव एकटेच आत बसून राहिले. डिझेलचा वास, तापल्या पत्र्याचा वास... आणि त्यात एकाएकी तव्यावरच्या सरकीचा तेलकट वास आला.

त्यांनी मागं वळून पाहिलं. रिकामी बाकं.

उजव्या हाताला मुंग्या आल्या. मग हात गेलाच. मांडीवर परक्याचा असल्यासारखा पडून होता. त्यांनी डाव्या हातानं चिमटा काढला, काही नाही. आणि पाहता पाहता त्या मेल्या हाताच्या पाठीवर चार वळ उमटले. आधी पांढरे, मग लाल... कोणी घट्ट धरावं तसे.

"मनकर्णे...?" ते हळूच म्हणाले.

वळ तेवढे गडद झाले.

घरी पोचले तेव्हा अंगणात बाया बसल्या होत्या. माणिकबाई उठून जवळ आली.

"कवा?" जानराव म्हणाले.

"बारा वाजले असतीन, जी."

"पुरचुंडी होती ना तिच्या हातात?" जानरावांनी विचारलं. "तिले वाटलं असन ना, मीच हावो म्हणून?"

माणिकबाईनं त्यांच्या लोंबत्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्यावरचे वळ पाहिले, आणि एक पाऊल मागं सरली.

"पुरचुंडी तर तुमी अंगणाबाहीर गेले अन् खाली पडली, भाऊ. मीच उचलून कोनाड्यात ठेवली. पण बारा वाजता मनकर्णाबाईनं मूठ आवळली... म्हणे, 'माणिक, आता समजते वं. गरम हाय ह्यायचा हात.' तशीच गेली. आंघोळ घालाले चौघी जणी लागलो आमी... पण थे मूठ अजून सुटून नाई राह्यली."