करकोचा कोणी पाहिला?

मार्च अर्धा सरला तरी सोफियात बर्फ हटत नव्हता, आणि कालिनाचा करकोचा पळवला गेला होता.

"खरा करकोचा?" गांचोने विचारलं.

"बाहुली. खरा असता तर उडून गेला म्हणून गप्प बसले असते," कालिना म्हणाली.

वेस्का तोपालोवाने ओव्हरकोटही न काढता वही उघडली. ती खासगी गुप्तहेर होती. गांचो तिचा मावसभाऊ. तो तिची छत्री सांभाळायचा आणि स्वतःची हरवायचा.

कालिनाची टीव्हीवरची बाहुल्यांची मालिका घराघरात माहीत होती. श्टर्को नावाचा करकोचा उडायला घाबरतो, म्हणून दर वर्षी आफ्रिकेला पायी निघतो. पोहोचतो तेव्हा परतायची वेळ झालेली असते. आता त्यावर मोठा सिनेमा होत होता आणि शेवटच्या दृश्यात श्टर्को उडणार होता.

"त्यासाठी पंख उघडणारी नवी बाहुली केली. पिसं खरी, गावाकडच्या करकोच्यांची. काल सीलबंद खोक्यातून आली. आज सगळ्यांसमोर उघडणार होते, तोवर मीसुद्धा पाहिली नव्हती," कालिना म्हणाली. "उद्यापासून स्टुडिओची ही जागा दह्याच्या जाहिरातीला दिलीय. आज तो उडाला नाही तर सिनेमा संपतच नाही, वेस्काताई. पोरं थिएटरात बसूनच राहतील."

"खोकं कुठे होतं?"

"कपाटात. कुलूप लावून."

"किल्ली?"

"शेजारच्या खिळ्याला. सापडायला बरी."

खोकं ब्लेडने नीट कापलेलं होतं. आत फक्त भुसा.

समोर पुठ्ठ्याची टेकडी होती, तिच्यावर कागदी फुलांनी डवरलेलं नासपतीचं झाड. एका फांदीला लाल-पांढरा दोरा लटकत होता.

"काय हौसेनं सजवलंय!" गांचो म्हणाला.

"ही फुलं कधीची?" वेस्काने विचारलं.

"जानेवारीपासूनची."

गांचो मनगट खाजवत होता. "ताई, हा मार्तेनित्साचा लाल-पांढरा दोरा सोडू का गं? एक मार्चला बांधलाय, जीव खाल्ला याने."

"करकोचा दिसला? मोहरलेलं झाड दिसलं?"

"हे काय समोर!"

"कागदाचं चालत नाही. खाजव."

स्टुडिओत आणखी तिघंच कामाला होती.

ल्युबेन बाहुल्या केसाकेसाने हलवायचा आणि बोलायचाही तसाच. "मी... घरी... होतो," हे वाक्य संपेपर्यंत चहा निवला. त्याच्या हातावरचा दोरा गोंदाने बाहीला चिकटला होता.

बाहुल्यांचे कपडे शिवणाऱ्या मिल्काच्या मनगटावरच्या दोऱ्यात चार सुया खोचलेल्या होत्या. "मला काय विचारता? करकोच्याला मी पायजमा शिवला, अंगात घालायला मिळाला नाही. माझं नुकसान कोणी विचारतंय का?"

दिवे लावणारा श्टेर्यु उशिरा आला. दारात मांजर आडवं गेलं म्हणून पूर्ण इमारतीला वळसा घालून मागून आला होता. आल्या आल्या तीनदा थुंकल्यासारखं करून त्याने बाह्या सरसावल्या आणि उघड्या मनगटांनी सगळ्यांना चहा ओतला.

"श्टेर्युभाऊ, वाटेत करकोचे दिसले का कुठे?" वेस्काने सहज विचारलं.

"या बर्फात? त्यांना काय वेड लागलंय?"

"आणि मोहर?"

"पालवीसुद्धा नाही हो. काय वर्ष आलंय!"

वेस्काने चहा संपवला. "करकोचा तुम्हीच नेलात."

गांचोच्या हातून छत्री पडली. तिचीच.

"इथे प्रत्येकाच्या हातात मार्तेनित्सा आहे," वेस्का म्हणाली. "करकोचा किंवा मोहर दिसेपर्यंत तो सुटत नाही आणि सुटला की झाडाला बांधायचा. श्टेर्युभाऊंचं मनगट रिकामं आहे. मांजराला भिऊन इमारत फिरणारा माणूस दोरा उगाच सोडेल?"

"कागदाची फुलं बघून सोडला असेल," गांचो म्हणाला.

"ती तर सगळ्यांनी रोज पाहिलीत. कोणी सोडला? बाहेर ना करकोचा, ना मोहर. हे त्यांनीच सांगितलं. म्हणजे त्यांनी एकच करकोचा पाहिला, खोक्यातला. आणि त्याची पिसं खरी."

"बांधायला फुललेलं झाडही हे एकच होतं," श्टेर्यु खाली बघत म्हणाला. "बाहुली तर बाहुली. नशिबाशी वाद कोण घालणार?"

"पण नेलास कशाला रे?" कालिना ओरडली.

"नेवेनाकाकूंना दाखवायला."

मालिकेत श्टर्को बोलायचा नाही, चोच वाजवायचा. तो आवाज नेवेनाकाकू दोन लाकडी चमच्यांनी काढायच्या. सिनेमासाठी त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं.

"माझी पोरगी तान्ही असताना तो आवाज ऐकल्याशिवाय झोपायची नाही," श्टेर्यु म्हणाला. "काकू रोज फोनवर चमचे वाजवायच्या. कधी कंटाळल्या नाहीत. आता पोरगी पोलिसात आहे. काकूंचा पाय प्लास्टरमध्ये आहे. म्हटलं, उडायच्या आधी एकदा त्यांना दाखवू, सकाळी परत ठेवू. पण त्या सोडेनात."

नेवेनाकाकू पाचव्या मजल्यावर राहत. पलंगावर बसून त्या करकोच्याच्या चोचीवर नखांची कानस चालवत होत्या.

"बरं झालं आलीस," त्या कालिनाला म्हणाल्या. "अगं, बनवणाऱ्याने चोच चिकटवूनच टाकली होती. उडाला असता, पण मुका. हे बघ, आता उघडते."

कालिनाने चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिने काकूंचा हात धरून ठेवला.

लिफ्ट बंद होती. काकूंना खुर्चीसकट चौघांनी खाली आणलं. गांचोने चमचे आणले.

संध्याकाळपर्यंत श्टर्को उडाला. दह्याची माणसं सामान घेऊन आली होती, तीही दारातच थांबून बघत राहिली.

सिनेमाच्या शेवटी आभारांची पाटी येते. पहिलं नाव नेवेनाकाकूंचं आहे. त्याखाली लिहिलंय: 'करकोचा चोरल्याबद्दल श्टेर्यु यांचे मनःपूर्वक आभार.'