एकेक भोक खाली

पहिल्याच शनिवारी व्यायामशाळेच्या दारात दोघांची टक्कर झाली! ती खडूच्या पावडरीचा डबा घेऊन वळली, तो पाना घेऊन आत शिरला... आणि फिटरसाहेब केसांपासून मिशीपर्यंत पांढरेशुभ्र.

"मॅडम, मी रिंगा तपासायला आलो होतो... म्हातारा व्हायला नाही."

तिला हसू आवरेना. ती एकेकाळची जिम्नॅस्टिक्स विजेती, आता वीस मुलींना शिकवणारी कडक ताई. गळ्यात शिट्टी असताना हसायची तिला सवयच राहिली नव्हती.

मुली गेल्यावर ती कोपऱ्यात टाकलेल्या जुन्या बीमवर, तोल सांभाळत चालायच्या त्या चार इंची लाकडी पट्टीवर, हात ठेवून उभी राहिली. सहा वर्षांपूर्वी अंतिम फेरीत ती बीमवरून पडली होती. गुडघा बरा झाला, भीती मात्र गेली नाही. मुलींना "घाबरायचं नाही!" म्हणून दटावणारी ही बाई स्वतः बीमवर पाय ठेवत नव्हती. "ताई, करून दाखवा ना," असं कुणी म्हटलं की विषय बदलायची. तिला त्याची मनातून फार लाज वाटे.

फिटरने ते पाहिलं आणि बोल्ट आवळत राहिला.

मग तो दर शनिवारी येऊ लागला. कधी रिंगा करकरतात म्हणून, कधी गादी उसवली म्हणून.

"गादी शिवणं फिटरचं काम?"

"आमच्या... आमच्या आत्या शिवणकाम करतात ना."

थाप मारली की त्याचे कान लालबुंद होत. ते कान तिला आवडू लागले होते. शुक्रवारपासूनच तिची नजर दाराकडे जाई.

बाराव्या शनिवारी तिने विचारलं, "हा बीम पायांवरून दर आठवड्याला एकेक भोक खाली कसा सरकतो हो?"

त्याच्या हातून पाना पडला. "तुम्हाला... कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी. पाच सेंटिमीटर मला झोपेतही कळतात."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर... तुम्ही यायचं थांबवलं असतं."

बीम आता गुडघ्याच्या जरासाच वर होता. तिने चपला काढल्या आणि चढली. तो शेजारून चालू लागला, तळहात तिच्या पाठीमागे, स्पर्श न करता.

"असा पाठीमागे हात धरायला कुठे शिकलात?"

"तुमच्याकडेच. मुलींना सांभाळताना बारा शनिवार बघतोय."

ती टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. डोळे भरून आले होते.

"आता एकेक भोक वर न्या."

"अजून बारा शनिवार लागतील. तेवढे मला पुरायचे नाहीत, मॅडम... मला तुम्ही आवडता."

तिने आधी त्याचे कान पाहिले. मुळीच लाल नव्हते. मग तिने उतरायला त्याचा हात धरला, आणि उतरल्यावरही सोडला नाही.