आजोबांच्या खाटेची तार

चंद्रावरच्या वसाहतीतल्या इस्पितळात प्रत्येक खाटेसमोरच्या पडद्यावर पृथ्वीवरचं कुणी ना कुणी दिसत होतं. मग आजोबांचाच पडदा काळा का? केतकीला हे कोडं काही सुटेना.

"स्विच भरलेत सगळे," आजोबा म्हणाले.

स्विच (सगळ्या यंत्रांच्या तारा जिथे येतात आणि ज्याचा निरोप त्यालाच पोचवला जातो, ती पेटी) कोपऱ्यातल्या कपाटात एकावर एक रचलेले होते. हे जाळं आजोबांनीच उभं केलं, आणि आता त्यांच्याच तारेला जागा नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! नवा स्विच आला होता, पण तो जोडणारी माणसं दूर खाणीवर गेलेली. तिकडे पृथ्वीवर केतकीची आई, म्हणजे आजोबांची लेक, ताटकळत बसली होती. डॉक्टर बजावून गेले होते, "फुप्फुसं थकलीत. उरलासुरला आवाज लेकीसाठी राखा." उद्याचा भरवसा कुणीच देत नव्हतं.

"मी जोडते!" म्हणत केतकी नव्या स्विचची वीज सुरू करायला धावली.

"थांब!" आजोबांना खोकल्याची उबळ आली. "अगं, ही थप्पी म्हणजे स्टॅक. पेट्या अनेक, पण वागतात एकच असल्यासारख्या. त्यांतला एक मास्टर, म्हणजे कारभारी. चालू पेटी तशीच जोडलीस, तर तीही म्हणेल मीच कारभारी. एका म्यानात दोन तलवारी! त्या भांडणात अख्खी थप्पी बंद पडू शकते."

शेजारच्या खाटेवर गावडेकाकू आपल्या लेकाशी बोलत होत्या. त्यांचं बोलणं मध्येच तुटलं असतं.

"आजोबा, नका ना बोलू," केतकी रडवेली झाली. पण विचारल्याशिवाय तिला जमणारही नव्हतं. "मग कसं जोडू?"

"नवी पेटी बंदच ठेव." आजोबा दर वाक्याला दम घेत होते. "पेट्यांना जोडणारं जाड तारांचं ते कडं बघ. त्यातल्या एकाच तारेचं एक टोक सोड. निरोप उलट्या बाजूने फिरून जातील. सुटलेलं टोक नव्या पेटीत घाल. मग नव्या पेटीपासून मोकळ्या झालेल्या जागेपर्यंत दुसरी तार घालून कडं पुरं कर. वीज शेवटी. जागी झाल्यावर तिला दिसेल, कारभारी आधीच आहे. मग ती त्याचं ऐकते, आपला क्रमांक घेते, नियम शिकते."

केतकीने तसंच केलं. गावडेकाकूंचं बोलणं चालूच राहिलं. बऱ्याच वेळाने नव्या पेटीचा दिवा हिरवा झाला. तिने आजोबांची तार खोचली आणि पडदा उजळला.

"बाबा!" आई म्हणाली.

आजोबांचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"आई, त्यांचा सगळा आवाज मी संपवला गं!" केतकी हुंदके देऊ लागली. पृथ्वीवरून उत्तर यायला थोडा वेळ लागतो. तेवढाही तिला सोसवेना.

"नाही गं सोन्या," आईने डोळे पुसले. "काय सांगितलं बाबांनी? मला सांग, अगदी त्यांच्यासारखं."

केतकी आजोबांचा हात धरून सांगू लागली. "आधी वीज, मग..." आजोबांनी तिचं बोट दाबलं. "नाही, आधी तारा. मग वीज."

"मलाही लहानपणी असंच दटावायचे," आई रडता रडता हसली.

नव्या पेटीत अजून पुष्कळ जागा होत्या. उद्या येणाऱ्या खाटांच्या तारा कशा जोडायच्या, हे केतकीला आता ठाऊक होतं. आजोबांच्या हाताची पकड हळूहळू सैल होत गेली. तरी ती सांगत राहिली, कारण आई ऐकत होती.