दोन मात्रांची शांतता

कोल्हापुरात सिंफनी म्हटल्यावर लोक हसायचे. पण नृसिंह मास्तरांच्या डोक्यात एकदा किडा वळवळला की तो काढायची कुणाची टाप नव्हती. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या या गृहस्थानं १९६४ साली पोलीस बँडातले, लग्नाच्या बँडातले आणि बंद पडत चाललेल्या स्टुडिओतले मिळून बावीस वादक जमवले. खासबाग मैदानाजवळच्या एका हॉलमध्ये दर रविवारी दुपारी तालीम. समोर उभं राहून ठेका द्यायला मास्तर स्वतः. धाकटी बहीण कालिंदी व्हायोलिनवर. आईबाप लवकर गेलेले. दादानंच तिला वाढवलं, व्हायोलिन हातात दिलं. जगात तिला तेवढंच माणूस होतं.

दरबारच्या जुन्या बँडाच्या पेटाऱ्यात त्यांना एका सिंफनीचे कागद मिळाले. प्रत्येक वाद्याचे वेगळे. त्यात एक जागा अशी होती की सगळी वाद्यं एकदम दोन मात्रा गप्प. नेमक्या त्या जागी प्रत्येक कागदावर, वेगवेगळ्या अक्षरांत, पेन्सिलीनं लिहिलं होतं : मान खाली. मास्तरांच्या वहीत मात्र तसं काही नव्हतं.

पहिल्या दिवशी ती जागा आली आणि सगळ्यांनी मुकाट माना खाली घातल्या. दादा उखडला, दोन मात्रा पुऱ्या व्हायच्या आतच तालीम थांबवली.

"आरती चाललीय काय इथं? माझ्याकडं बघायचं."

घरी येऊन त्यानं कालिंदीपुढं खोडरबर टाकला. "सगळं पूस."

तिनं पुसलं.

पुढच्या रविवारी त्या दोन मात्रा आल्या. दादा वहीचं पान उलटायला वाकला होता. तेवढ्यात बसलेल्यांच्या डोक्यांच्या उंचीपासून वर काहीतरी जड सर्रकन फिरलं. ट्रंपेट वाजवणाऱ्या गुंडूच्या तोंडात त्याचाच ट्रंपेट घुसला. चार दात फरशीवर पडले. शेजारच्याचा कान फाटून लोंबायला लागला.

"खुर्ची घसरली गुंडूची, दुसरं काय," दवाखान्यातून येताना दादा म्हणाला. त्याचा सदरा रक्तानं भिजला होता. कानाचं विचारल्यावर भराभर पुढं चालायला लागला.

नगारा वाजवणारा म्हातारा बाळासो दरबारच्या बँडात होता. कालिंदीनं त्याला जिन्यात गाठलं.

"तुम्ही एकट्यानंच मान खाली घातलीत. पुसलं होतं की."

"पुसून काय हुतंय ताई. अंगवळणी पडलंय."

"आणि मास्तर?"

बाळासोनं तंबाखू मळली. "मास्तरनं मान घातली तर आमी बघायचं कुणाकडं? ह्ये वाजवायचं ठरलं की आदी दुसरा मास्तर बघून ठेवायचे."

"दादाला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. हसले."

त्या आठवड्यात ती दादाच्या पाया पडली. ती जागा गाळ म्हणाली.

"असल्या गोष्टीला भिऊन गाळलं, तर वर्गात कुठल्या तोंडानं उभा राहू?" दादा म्हणाला.

कार्यक्रम संध्याकाळी सहाला. हॉल गच्च भरलेला. कालिंदीनं ठरवलं होतं, मान घालायची नाही. दादाकडं बघत राहायचं. डोकं फुटलं तरी चालेल.

त्या दोन मात्रा आल्या.

सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

तिचीही गेली.

वर ऊस मोडल्यासारखा आवाज झाला.

तिनं डोकं वर केलं. दादा उभा होता. डोकं डाव्या खांद्यावर पडलेलं, कानातून रक्त कॉलरमध्ये उतरत होतं. उजवा हात ठेका देत होता.

हात चालू होता म्हणून कुणी थांबलं नाही.

शेवटचा सूर संपला. टाळ्या पडल्या. मग दादा कोसळला.

"हे झालं कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

"मध्येच. त्यानंतर सहा मिनिटं तो वाजवून घेत होता," कालिंदी म्हणाली.

"कसं शक्य आहे? मान मोडली तेव्हाच संपलं सगळं. बोटसुद्धा हललं नसणार."

त्या सहा मिनिटांत दादानं डाव्या हातानं तिला खूण केली होती, जरा हळू. भीतीनं तिच्या हातातून व्हायोलिनचा गज सुटत होता, तरी तिनं हळू वाजवलं होतं. आणि बरोबर म्हणून त्यानं तिच्याकडं बघत मान हलवली होती.