तुतीचे दांडे जड का झाले?

"ऋता, काटा सरळ धर! हलवू नकोस!"

"मी कुठे हलवतेय, ताई? थंडीने माझा हातच हलतोय!"

"हाँ, हाँ, सारी गलती थंडी की!" राघव हसला. राघव खालच्या मजल्यावरचा. दोघी बहिणींच्या संगतीत त्याला मराठी सगळं कळायचं, पण बोलायचा मात्र तो हिंदीतच. मधूनच एखादा मराठी शब्द टाकला की स्वतःवरच खूश व्हायचा.

बाहेर धुकं इतकं दाट होतं की गच्चीवरची पाण्याची टाकीसुद्धा दिसत नव्हती. थंडीच्या लाटेमुळे शाळांची सुट्टी वाढली होती आणि उत्तरेतल्या त्या शहरात, महानगर नावाच्या कॉलनीतल्या तीन मजली इमारतीत, गच्चीच्या जिन्याजवळच्या छोट्या खोलीत, बॅगा तोलायच्या काट्यावर एक लांबलचक लाकडी दांडा लटकत होता.

जुई वाकून काट्यावरचा आकडा बघत होती. तिने डोळे चोळले आणि पुन्हा बघितलं.

"वजन वाढलंय!"

"म्हणजे?" ऋता म्हणाली. "लाकूड काय पराठे खातं?"

जुईला मात्र हसू आलं नाही. या दांड्यांसाठी ती जूनपासून भांडत आली होती. वादळात इमारतीमागचं तुतीचं झाड पडलं, तेव्हा ओंडके न्यायला ट्रक आला होता. तेरा वर्षांची जुई सरळ त्या खोडावर जाऊन बसली. "यातला एक सरळ तुकडा मिळाल्याशिवाय मी उठणार नाही!" ट्रकवाले वैतागले, मग हसले आणि शेवटी तुकडा देऊन गेले. तिला त्याचं धनुष्य बनवायचं होतं. साताऱ्याचा माणिकमामा स्वतः धनुष्यं बनवायचा. फोनवर दाखवत त्याने सगळं समजावलं. पाचर ठोकून खोड उभं फाडायचं, साल काढायची, टोकांना मेण फासायचं. टोकांतून पाणी घाईने उडालं तर लाकूड तडकतं. दांडे जमिनीवर टेकवायचे नाहीत, विटांवर ठेवायचे आणि मध्ये चिपा घालायच्या, म्हणजे वारा सगळीकडून फिरतो.

"आणि दर महिन्याला तोलायचे," मामा म्हणाला होता. "वजन घटायचं थांबलं की समजायचं, आता लाकूड वाळलं."

आजवर वजन घटत आलं होतं. आता अचानक वाढलं!

"धुकं की वजह से होगा यार," राघव म्हणाला.

"मग सगळेच दांडे जड व्हायला हवेत. दुसरे तोलूया."

तिघांनी एकेक करून सगळे तोलले. खिडकीजवळचे दांडे, ज्यांच्यावर धुकं थेट येत होतं, जवळपास होते तसेच होते. जड झाले होते ते खिडकीसमोरच्या भिंतीला लागून असलेले! जुईने भिंतीला तळहात लावला आणि झटकन मागे घेतला. भिंत गार आणि ओली होती. विटांच्या मागे काळपट बुरशीचा मोठा डाग पसरला होता.

"अच्छा! तो ये बात है!"

दारातून आवाज आला. सोसायटीचे सेक्रेटरी श्रीवास्तव अंकल मफलर सावरत उभे होते. त्यांची नजर थेट भिंतीवरच्या ओलीवर, त्या डागावर गेली.

"मैं भी सोचूँ, सीलन कहाँ से आ रही है! गीली लकड़ी का गोदाम बना रखा है!"

"अंकल, लकड़ी सूख रही थी," जुई म्हणाली. "दीवार ने उसे गीला किया है. आप तौलकर देख लीजिए!"

"बहस मत करो बेटा. संडे शाम को नीचे अलाव है. तब तक कमरा खाली, नहीं तो ये सब अलाव में!"

अलाव म्हणजे शेकोटी!  सात महिने जपलेलं लाकूड, शेकोटीत?

रात्री जेवताना बाबांनीही मान खाली घातली. श्रीरंग पाटणकर रेल्वेत इंजिनिअर होते. ऑफिसात त्यांचा दरारा असला, तरी इमारतीत ते भाडेकरू होते. "जुई, उगाच वाद नको. आपण दुसरं लाकूड आणू."

"दुसरं नको. चूक आपली नाहीच, तर आपण का हटायचं?"

"अगं पण..."

"तिला रविवारपर्यंत वेळ आहे ना?" आई म्हणाली. "मग बघू दे की तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं गच्चीवर जमली. त्या ओल्या भिंतीच्या पलीकडे काय होतं? टाकी तर दूरच्या कोपऱ्यात होती. नळ नाही, पाइप नाही. भिंतीला लागून होता फक्त विटांचा एक लांब वाफा, आणि त्यात श्रीवास्तव अंकलचे ताटाएवढे डेलिया! लाल, पिवळे, जांभळे. अख्खी कॉलनी ते बघायला यायची.

"अंकल रोज पाइपने पाणी घालतात," ऋता पुटपुटली. "खूप वेळ!"

जुईने वाफ्याची भिंतीकडची माती उकरली. खाली पाणी अडवायला प्लास्टिक नाही, डांबर नाही. माती थेट भिंतीला चिकटलेली, आणि मध्ये बोट जाईल एवढी फट!

"बोल देते हैं अंकल को," राघव म्हणाला.

"ते म्हणतील, पोरं खोटं बोलतात. त्यांना नाकारता येणार नाही असं काहीतरी हवं."

"दादी के पास टेसू पड़ा है! होली वाला!"

टेसू म्हणजे पळसाची वाळलेली फुलं. उकळली की केशरी रंग सुटतो, आणि झाडांना त्याचा त्रास नाही. राघवच्या दादींनी हसत पातेलंभर फुलं उकळून दिली. मग कुरकुरल्या, "तुम लोग ही सुनते हो मेरी. कब से कह रही हूँ, सीढ़ी की रेलिंग काटती है. सब कहते हैं, बुढ़िया सठिया गई!"

"काटती है? रेलिंग चावतं?" ऋताला हसू आवरेना. तेवढ्यात पातेलं उतू गेलं आणि विषय तिथेच राहिला.

तिघांनी भिंतीच्या कडेने, त्या फटीत, केशरी पाणी ओतलं. दांडे काळजीपूर्वक उचलून जुईच्या पलंगाखाली नेले. थोड्या वेळाने श्रीवास्तव अंकल आले आणि नेहमीसारखं गुणगुणत त्यांनी वाफ्यात भरपूर पाणी सोडलं. शनिवारीही सोडलं. रविवारीही! मुलांनी त्या खोलीच्या दाराला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवली.

रविवारी अंधार पडू लागला तशी खाली शेकोटी पेटली. शेंगदाणे, रेवड्या, चहा. सगळे मजले अंगणात उतरले होते. हात शेकत श्रीवास्तव अंकल मोठ्याने म्हणाले, "हाँ भई जुई, लकड़ी कहाँ है?"

सगळ्यांच्या माना वळल्या. बाबांनी खूण केली, जाऊ दे. जुईचे कान तापले, पण ती मागे सरली नाही.

"लकड़ी नहीं मिलेगी, अंकल. पहले आप सब ऊपर चलिए. सीलन किसकी है, वो मैं दिखाती हूँ. मैं झूठी निकली, तो लकड़ी अपने हाथ से जलाऊँगी!"

"ताई!" ऋता किंचाळली. "असं काय बोलतेस?"

पण बोलून झालं होतं. सगळे कुतूहलाने जिना चढले. जुईने कुलूप काढलं आणि टॉर्च भिंतीवर मारला.

भिंत केशरी झाली होती! काळपट डागाच्या मधोमध पळसाचा रंग ओघळत होता.

"ये... ये क्या है?" अंकल चमकून पुढे झाले.

"टेसू! आपकी क्यारी में डाला था," राघव छाती काढून म्हणाला. "पानी आपने खुद डाला!"

कुणीतरी खुदकन हसलं. बाबा मात्र हसत नव्हते. त्यांनी जुईच्या हातातून टॉर्च घेतला. केशरी ओघळ जमिनीपाशी थांबला नव्हता. फरशीच्या कडेने तो जिन्याच्या भिंतीत शिरला होता. त्याच्या मागोमाग टॉर्च खाली सरकला आणि थेट अख्ख्या इमारतीच्या विजेच्या मीटरच्या पेटीवर थांबला. पेटीच्या कडेतून केशरी थेंब टपकत होते, आणि पेटीला लागूनच होतं जिन्याचं लोखंडी रेलिंग!

"दादी!" राघव ओरडला.

दादी सगळ्यांच्या मागून चढत होत्या. त्यांचा हात रेलिंगकडे चालला होता.

"रेलिंगला कोणी हात लावू नका! कोई मत छूना!" बाबा गरजले. जुईने एवढा मोठा आवाज त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ती दोन-दोन पायऱ्या उतरत धावली आणि तिने दादींना शालीसकट मागे ओढलं.

बाबांनी घरातून टेस्टर आणला आणि रेलिंगला लावला. त्याचा इवलासा दिवा लालभडक पेटला!

 बाबांनी तळमजल्यावर जाऊन मुख्य स्विच पाडला. इमारत काळोखात बुडाली. अंगणातल्या शेकोटीचा तेवढा उजेड जिन्याच्या खिडकीतून येत राहिला.

"मैं कहती थी न, काटती है!" अंधारात दादी म्हणाल्या, आणि जुईला इतकी घट्ट मिठी मारली की तिचा श्वास कोंडला.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन येऊन मीटरची पेटी सुकवून, तारा बदलून गेला. डेलियांना कुंड्यांमध्ये हलवायला तिन्ही मुलांनी हात लावला. शेवटी फुलांचा काय दोष? संध्याकाळी सगळे पुन्हा अंगणात जमले.

"मी वाद टाळत बसलो," बाबा सगळ्यांसमोर म्हणाले. "ही अडून बसली नसती, तर काय झालं असतं कुणास ठाऊक. शाबास, पोरी!" आईने दोघींच्या ताटात एकेक गुळाची पोळी जास्त वाढली आणि राघवला दोन.

श्रीवास्तव अंकल खाकरले. "बेटा, गलती मेरी थी. सबके सामने कहता हूँ." मग लगेच खुलले. "तो अब छब्बीस जनवरी को झंडे के बाद हमारी जुई पहला तीर चलाएगी! धनुष तैयार कर लो!"

टाळ्या पडल्या. राघवने शीळ घातली. जुई मात्र उठून उभी राहिली.

"नहीं अंकल."

"नहीं? क्यों?"

"लकड़ी अभी गीली है. गीली लकड़ी मोड़ेंगे तो टूट जाएगी. पूरा साल लग सकता है."

"अरे, सब लोग देखने आएँगे! थोड़ा जल्दी..."

"कोणीही येऊ दे," जुई मराठीतच म्हणाली आणि मागे हटली नाही. "वाळल्याशिवाय मी हात लावणार नाही!"

श्रीवास्तव अंकलना शब्द कळले नसतील, पण तो चेहरा कळला. ते मग मफलर मागे टाकून जुईला घेऊन जिना चढून पाटणकरांच्या घरात गेले आणि पलंगाखालच्या दांड्यांपैकी एकाचं टोक त्यांनी स्वतः उचललं.

"कहाँ रखना है, बताओ."

"ऊपर वाले कमरे में, खिड़की के पास, ईंटों पर," जुई म्हणाली आणि तिने दुसरं टोक धरलं. "और धीरे, अंकल! मोम निकल जाएगा!"